पुन्हा जोडात घातलेलं पान

कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा मी अमरावतीच्या बाजारात तोलाईच्या कामावर होतो. बाळापूरहून आजारी आईचा निरोप आला, "एकदा भेटून जा." बाजार सोडून माझा पाय निघेना. रोज संध्याकाळी मी एकटाच पत्त्यांच्या जोडातून एक पान ओढी. बदाम आलं तर निघायचं, नाहीतर पान परत घालून पिसायचं. इतके दिवस आलं नाही, म्हणजे उद्या नक्की येईल, असं मला वाटे.

हे सांगितलं तेव्हा शेजारच्या खोलीतला कारकून हसला, "पान परत टाकून राहिला ना भाऊ? मंग जोडाले मागचं काय आठवते? आज चारात एक, उद्याबी चारात एकच."

एका संध्याकाळी बदाम आलं. पाहणारं कोणी नव्हतं. मी तेही परत घातलं आणि पिसत बसलो.

बाळापूरला पोचलो तो आई गेल्यावरच. तिची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती.