हजारचं टायर आणि ओला चुना

“ताई, तुमी बाजूला व्हा. मालकाला बोलवा,” ऊसतोडीचा मुकादम म्हणाला, तेव्हा मी त्याच्याच ट्रकच्या पुढच्या चाकापाशी आडवी पडून आत बघत होते.

मालक म्हणजे माझे मिस्टर. चौसाळ्याला हायवेवर आमचं टायरचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी हे बोलतात, टायर मी उतरवते आणि चढवते. परक्या माणसाशी मला बोलवत नाही, म्हणून ही वाटणी मीच केलेली.

ट्रकला नऊशेच्या मापाची टायरं होती. मुकादमानं पुढं घालायला हजारची आणली होती. रिंग दोन्हींची वीस इंची, पण हजारचं इंचभर रुंद आणि बोटभर उंच. “गाडी उचलली की फडातल्या चिखलात रुतायची न्हाई,” तो म्हणाला.

डावं चाक मी चढवलं. मडगार्डाला आतून ओला चुना फासला. टायर कुठं घासलं तर त्याच्यावर पांढरं उमटतं. ड्रायव्हर बाबूभाईंनी स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण तोडलं, म्हणजे टोकापर्यंत फिरवलं. टायर काळंच राहिलं.

“झालं ना? उजवं चढवा,” मुकादम यांना म्हणाला.

मी यांना हळूच म्हणाले, “गाडी रिकामी हाय. भार टाकून बघाय पायजे.”

भरलेल्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे दबतात. मग मडगार्ड खाली येतं आणि मधली जागा संपते.

मुकादमानं ऐकलं. “आता बाया शिकवणार का आमाला? थोडं घासलं तर घासलं, चालून चालून बसतंय आपोआप.”

समोर लिंबाखाली त्याची ऊसतोडीची टोळी बसली होती. बाया, लेकरं, पातेली, धान्याची पोती. सगळे याच ट्रकमधून घाट उतरून कारखान्यावर जाणार होते. घाटात पुढचं टायर फुटलं तर स्टिअरिंग हातात राहत नाही.

माझ्या अंगाची आग आग झाली. मी वील पाना उचलला, मांडीवर घेतला आणि जमिनीवर बसले. पान्याशिवाय उजवं चाक कोण खोलणार?

“ओ, उठवा की यांला!” मुकादम ओरडला.

“ती उठायची न्हाई,” हे म्हणाले. तेवढंच बोलले.

बाबूभाई खाली उतरले. “एक टायर लहान, एक मोठं. अशी गाडी मी नेत नसतो, मुकादम. टाका पोती. पाच मिनिटांचं काम हाय.”

टोळीतल्या बायांनी मुकादमाची वाट न बघता पोती आणि पातेली चढवली, मग सगळी माणसंही बसली. मी डाव्या चाकापुढं लाकडी ठोकळा ठेवला. खड्ड्यात गाडी दबते तशी इथंच दबावी म्हणून. बाबूभाईंनी चाक ठोकळ्यावर घेतलं आणि स्टिअरिंग तोडलं. कर्रर्र आवाज सगळ्यांनी ऐकला.

टायरवर चार बोटं रुंद पांढरा पट्टा होता. पट्ट्याच्या मधोमध रबर चिरलं होतं. मडगार्डाचा एक बोल्ट कुणीतरी उलटा बसवला होता, त्याचं टोक आत आलं होतं. एका वळणात एवढी चीर. मी बोट घालून दाखवलं.

बाबूभाईंनी कानाला हात लावला. मुकादम मोबाईल बघायला लागला.

मडगार्ड थोडंफार उचलता येतं, बोल्ट कापता येतो, पण एवढं घासणारं टायर सुटायला चाक कमी वळेल असा स्टॉपरही लावावा लागतो. आणि कमी वळणारी गाडी फडाच्या अरुंद वाटेवर काय कामाची? मी नऊशेचंच टायर परत चढवलं. कुणाला विचारलं नाही.

जाताना मुकादम यांना म्हणाला, “मिसेस लई हुशार हायेत तुमच्या.” मी तिथंच हात धूत होते.

टायर रिकाम्या गाडीवर बघायचं नसतं, एवढंच या धंद्यात मी शिकले. मुकादम तेवढंही शिकला नाही. परवा तो दुसरा रिकामा ट्रक आणि हजारचीच टायरं घेऊन आला. हे जेवायला गेले होते.

“मालक कुठायत?” त्यानं विचारलं.

मी पाना हातात घेतला. “गाडी भरून आणा,” म्हणाले, “मग बोलू.”