विमलनं न पाहिलेलं बेट

विमल गेल्याचं मला तिच्या लेकीनं, उषानं फोनवर सांगितलं. सकाळची वेळ होती, मी देवापुढे वाती वळत बसले होते. "मोठी आई, आई गेली," एवढंच ती बोलली आणि रडू लागली. मी तिला समजावलं, आधी पाणी पी म्हटलं, फोन ठेवला... आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की घ्या, हिनं इथंही माझ्या आधी नंबर लावला. वयानं माझ्याहून लहान. नवरा हयात असताना, हातात हिरव्या बांगड्या घालून, भरल्या कपाळानं गेली. आमच्या पिढीच्या बायकांना असं मरण हवं असतं. ते शहाणपणाचं आहे की नाही ते तुम्ही ठरवा, मी तर कधीच मोकळ्या कपाळाची झाले. तिला जाऊन आता महिना उलटला, तरी तो विचार काही मनातून हललेला नाही.

विमल माझी धाकटी जाऊ. जावा जावा उभा दावा म्हणतात, पण आमचं कधी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, भांडण झालं की माणूस मोकळं होतं. तिनं मला तशी संधीच दिली नाही. मी मालेगावची, मास्तरांची मुलगी. सातवी पास होते आणि मास्तरीण व्हायचं माझ्या मनात होतं. वडिलांनी इंझोरीचं घर पाहिलं, कापूस-ज्वारीचं रान पाहिलं आणि मला देऊन टाकलं. नवरा भला माणूस होता, बोलायचा कमी. माझ्यामागून तीनेक वर्षांनी विमल आली, अकोल्याची, मॅट्रिक झालेली. मी कधी हातात पुस्तक घेतलं तर आत्याबाईंच्या, म्हणजे आमच्या सासूबाईंच्या कपाळाला आठी पडायची. त्याच आत्याबाई विमलला समोर बसवून पोथी वाचून घ्यायच्या आणि आल्यागेल्याला सांगायच्या, "धाकटीचा आवाज पाय कसा हाय." वर्ष-दीड वर्षात उषा झाली. माझी कूस तोवर उजवली नव्हती, पुढेही उजवली नाही. आता या वयात हे लपवून काय करायचं? मी जळत होते. चुलीपुढे बसले की धुराचं निमित्त करून डोळे पुसायचे.

माझे दीर, भाऊजी, अकोल्याला कापडाच्या गिरणीत यंत्रांवर होते. छपन्न-सत्तावन्नचा सुमार असावा. गिरणीनं इटलीहून नवी यंत्रं मागवली आणि ती चालवायला शिकण्यासाठी भाऊजींना वर्षभर तिकडे धाडायचं ठरलं. दिवाळीला ते घरी आले आणि ही बातमी सांगितली. आत्याबाईंनी आधी इटली कुठे आहे ते विचारलं, मग तिथल्या बायका कशा असतात ते विचारलं, आणि मग निकाल दिला की एकट्यानं जायचं नाही. त्यांना धास्ती पडली ती मडमेची. लेक मडम घेऊन आला तर पंगतीला कोण बसेल? तेव्हा राखणीला विमलनं सोबत जावं. दोघांना राहायला खोली मिळणार होतीच. पण उषा जेमतेम दोन वर्षांची, छातीनं नाजूक, बोटीच्या प्रवासाला डॉक्टर नको म्हणाले. म्हणून उषा माझ्याकडे राहायची ठरली. विमल बोटीत बसून इटलीला जाणार म्हणून माझा जीव तिळतिळ तुटत होता आणि तिची पोर मला मिळणार म्हणून आतून उकळ्या फुटत होत्या. एका माणसाच्या पोटात दोन्ही कसं मावतं कोण जाणे.

त्याच दिवाळीत, पाडव्याला, आम्ही सगळे अंगणात बसलो होतो. मी कणीक मळत होते, उषा माझ्या मांडीला टेकून बसली होती. भाऊजींनी आणखी एक गोष्ट काढली. तिकडे ऐन उन्हाळ्यात कारखाना पंधरा दिवस बंद असतो. मालक हौशी आहे, बाहेरून शिकायला आलेल्यांना तो पाहुणे म्हणून कुठेतरी ठेवतो. त्याचं एक घर समुद्रातल्या बेटावर आहे आणि दुसरं खेड्यात, शेतावर. दोन्हींपैकी कुठे जायचं ते आधीच कळवायचं होतं. तर बेटावर जावं की खेड्यात, तुम्हीच सांगा, असं ते हसत म्हणाले.

"बेटात?" आत्याबाई एकदम सावरून बसल्या. "बेटात कोनी राह्यते काय? तिथं साप असते."

आमच्याकडे बेट म्हणजे बांबूचं. आमच्या वावरामागे नाल्याकाठी तसं एक दाट बेट होतं आणि त्या पावसाळ्यात तिथं आमची गाय पान लागून, म्हणजे साप चावून, मेली होती. भाऊजी हसले, मामंजी मात्र गंभीर झाले, त्यांनाही तेच बेट दिसत होतं. मला राहवेना. सासऱ्यांपुढे मी कधी तोंड उघडत नसे, पण त्या दिवशी उठले, आतून एक परात आणली, तीत पाणी ओतलं आणि मळलेल्या कणकेचा गोळा मधोमध ठेवला. माझ्या वडिलांनी मला भूगोल असाच शिकवला होता. चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीच्या भागास बेट म्हणतात, ही व्याख्या मी तिथं उभ्यानं म्हणून दाखवली. समुद्र मी पाहिलेला नव्हता. पण शाळेत असल्यापासून माझं एक बेट होतं, मनातलं, त्यावर मी एकटी राहायची. आत्याबाईंनी परातीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "अन् पूर आला तं?" मामंजींनी मान डोलावली. पूर आला तर बैलगाडी काढायला वाट कुठे आहे, हे त्यांचंही म्हणणं पडलं.

माझा तोल सुटला. "मले जर कोनी इचारलं," मी म्हटलं, "तं मी डोये मिटून बेटावर जाईन. चारी बाजूनं पानी. कोनाची हाक आयकू येनार नाही."

थोरल्या सुनेनं असं बोलावं हेच कुणाला पटण्यासारखं नव्हतं. उषा परातीत हात घालून पाणी उडवू लागली. विमल त्या गोळ्याकडे पाहत होती, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खाली मान घालून म्हणाली, "आमी खेड्यातच जातो." आत्याबाई खूश झाल्या. धाकटी शहाणी, मोठ्यांचा शब्द राखते, हे त्यांनी मला ऐकू जाईल असं म्हटलं. मी परात उचलली आणि त्या बेटाच्या पोळ्या केल्या.

ते वर्ष माझं होतं. उषा पहिले काही दिवस दाराकडे बघत बसायची, मग विसरली. माझ्या पाठीशी बांधून तिला मी वावरात न्यायची, तिच्यासाठी कापसाच्या ढिगात खड्डा करून द्यायची. तिला गोवर निघाला तेव्हा मंगरूळपीरच्या पिराला मी नवस बोलले आणि ती बरी झाल्यावर फेडून आले. सुरुवातीला ती मला मोठी आई म्हणायची. मग बोबड्या तोंडाला मोठी हा शब्द जड जाऊ लागला आणि नुसती आई राहिली. आत्याबाई तिला सुधारायच्या. मी ओ द्यायची.

विमल परत आली ती थोडी जाड होऊन, उजळून. सारं गाव पाहायला लोटलं. मला वाटलं होतं, खेडं पाहून आलेली बाई काय सांगणार? आमच्याकडे काय खेड्यांचा तुटवडा आहे? पण झालं उलटंच. बेटाचं सांगितलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. खेड्याचं मात्र सगळ्यांना कळत होतं आणि प्रत्येक बाईला विचारायला काहीतरी होतं. तिथं पांढरेशुभ्र बैल, शिंगं ही एवढाली. तिथल्या म्हाताऱ्या काळं नेसतात आणि डोक्यावर पदर असल्यासारखा रुमाल बांधतात. रोजचं जेवण म्हणजे मक्याच्या कण्या, आपण ज्वारीच्या रांधतो तशाच, फक्त लाकडी फळीवर ओततात आणि सगळे भोवती बसून खातात. विमलनं त्यांच्या चुलीवर मक्याची भाकर थापून दाखवली, तर घरची म्हातारी तिचे तळवे धरून उलटसुलट पाहत राहिली. बाया हे तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावायच्या. मीही ऐकायची, खांबाला टेकून, आणि भाकरी तर मी तिच्यापेक्षा चांगली थापते, हेच माझ्या मनात यायचं.

एक गोष्ट मात्र तिला लगेच मिळाली नाही. उषा तिच्याकडे जाईना. विमलनं हात पुढे केले की ही माझ्या पदराआड. मला झालेला आनंद मी चेहऱ्यावर दिसू दिला की नाही, आठवत नाही... दिसला असणारच. दुसरी असती तर पोर हिसकावून घेतली असती, रडली असती. विमल नुसते हात मागे घ्यायची. भाऊजी अकोल्याला कामावर गेले, ती महिनाभर इंझोरीलाच राहिली. उषा माझ्याजवळ निजायची, ती पलीकडे. एका दुपारी उषानं तिच्याकडे गुळाचा खडा मागितला. मी जवळच होते, माझ्याकडे मागायचा सोडून तिच्याकडे मागितला. पुढच्या आठवड्यात दमणी जुंपली, मी त्या दोघींना मंगरूळपीरच्या मोटारीपर्यंत पोचवायला गेले. मोटार हलली तेव्हा उषा विमलच्या मांडीवर झोपलेली होती. घरी येऊन मी दोन दिवस जेवले नाही. आत्याबाई म्हणाल्या, उपास कशाचा? मी म्हटलं, पिराचा.

त्यानंतर कितीतरी वर्षं, लग्न असो की बारसं, मी विमलला चिमटा काढल्याशिवाय सोडलं नाही. लोक काशीला जाऊन गंगा पाहतात, आमची विमल इटलीला जाऊन खेडं पाहून आली. सापाला भिऊन समुद्र सोडला. सगळे हसायचे, तीही हसायची. मला मनापासून वाटायचं की सोनं हातात दिलं आणि हिनं त्याचं मातेरं केलं. मी असते तर...

शेवटची भेट अकोल्याला झाली, तिच्या घरी. ती पलंगावर पडून होती, आवाज गेलेला, पोथी वाचायची तो आवाज. भाऊजी औषध आणायला गेले होते.

"जाऊबाई," ती म्हणाली, "मी सापाले भेली नवती."

मी म्हटलं, कोणत्या सापाला?

"त्या दिवशी तुमी परात आनली, तवा तुमचं तोंड पाह्यलं मी. मनात आलं, माह्यापाशी सारंच हाय. अन् आता हे बी मीच पाहून येऊ? माही पोरगी तुमच्या मांडीपाशी होती. म्हटलं, इतकं एक जाऊबाईसाठी राहू द्या."

"मंग इतके वर्स बोलली काहून नाही?"

"बोलली असती तं तुमाले टोमने मारता आले नसते," ती म्हणाली, आणि हसायला गेली तो खोकला आला.

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. एकच गोष्ट अशी होती की जिच्यात ती चुकली आणि मी बरोबर होते, आणि तीही तिनं माझ्या हातून काढून घेतली. देणारी तीच. मी घेत आले आणि मला पत्ताही नव्हता. तिला पाणी पाजलं, पाठ चोळून दिली, आणि गाडीत बसल्यावर खिडकीकडे तोंड करून घरापर्यंत आले.

तेराव्यानंतर मी आठ दिवस अकोल्यालाच राहिले. उषाची साठी उलटली आहे, मुलं मार्गी लागली आहेत. एका दुपारी विमलच्या खोलीत माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मोठी आई, चाल, अंदमानले जाऊ. इमान जाते आता. तुले बेट पाहाचं होतं ना?" आईनं तिला सांगून ठेवलं होतं की काय, मी विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट विमलच्या आधी माझ्या हाती येत होती. मी नको म्हटलं. ती काहून काहून करत राहिली, मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. पण बेट पाहून मी परत येणार, आणि सांगणार कुणाला? जळवणार कुणाला?

उषा चहा ठेवायला गेली. मी त्या पलंगावर बसून होते. मी कधीही आले की विमल भिंतीकडे सरकायची आणि बाजूला थोपटून म्हणायची, "बसा." आजारपणातही सरकायची. पलंग चांगला ऐसपैस आहे, सारा तिचाच होता. गादी मात्र भिंतीच्या बाजूनंच तेवढी दबली आहे, अलीकडची अजून नव्यासारखी फुगीर आहे. मी त्या अलीकडच्या बाजूलाच बसले होते.