पाच अंशांसाठी अकोला

आज सकाळी साडेसहाला आमच्या गाडीतल्या छोट्या फ्रीजमध्ये पाच अंश तापमान होतं. गाडी तीस तास दारात उभी होती, इंजिन बंद, बाहेरून वीज घेतलेली नाही. आकडा माझी बायको सुनंदा हिने चष्मा पुसून दोनदा पाहिला. फ्रीजमध्ये तिचं इन्सुलिन असतं, त्याला दोन ते आठ अंश लागतात, त्यामुळे या बाबतीत तिचाच शब्द शेवटचा.

आमची गाडी म्हणजे एक जुनी स्कूल व्हॅन. मागची बाकं काढून पलंग, शेगडी आणि फ्रीज बसवला. इंजिन सुरू करायला एक बॅटरी आणि फ्रीज, पंखा, दिव्यांसाठी दुसरी. या दुसरीला आम्ही ‘घरची बॅटरी’ म्हणतो. तीन आठवड्यांपूर्वी चांदूर रेल्वेला सुनंदाच्या भावाच्या मळ्यात मुक्कामाला गेलो. तिथे ऐन दुपारी घरची बॅटरी उतरून फ्रीज गप्प झाला आणि इन्सुलिन भावाच्या घरात न्यावं लागलं. परतताना बडनेऱ्याजवळ मी चिखलदऱ्याच्या ठरलेल्या सहलीचा विषय काढला. सुनंदा म्हणाली, “चिखलदऱ्याले तुमी एकटेच जा. मी बर्फाचा थर्मास मांडीवर घेऊन फिरत नाही आता.”

इन्सुलिन सुरू झाल्यापासून ती घराबाहेर मुक्काम टाळायची. तिने पुन्हा बाहेर पडावं म्हणून तर ही गाडी केली होती.

आमच्या अमरावतीत बॅटरीची दोन दुकानं पाहिली. दोन्हीकडे घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी पुढे सरकवली गेली. दुसऱ्या दुकानदाराने मात्र सरळ सांगितलं, की फिरत्या गाडीतलं मला कळत नाही, अकोल्यात जठारपेठेत वासुदेवभाऊंकडे जा, ते रुग्णवाहिकांची वायरिंग करतात.

गुरुवारी सकाळी सातला निघालो. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू असा सरळ रस्ता आहे. शंभरेक किलोमीटरला आमच्या गाडीच्या चालीने सव्वादोन तास धरा. मूर्तिजापूरला आलुबोंडा आणि रस्सा खाल्ला. रस्सा मागाल तितका मिळतो, फक्त पहिल्या घासाला बेताने घ्या. थर्मास सुनंदाच्या मांडीवरच होता.

वासुदेवभाऊ साठीचे, हातात कायम टेस्टर. दुकान खाली, घर वर. त्यांनी आधी इन्सुलिनची चौकशी केली आणि ते वर वहिनींच्या फ्रीजमध्ये पाठवलं. मग जुन्या बॅटरीची झाकणं उघडली, काचेच्या नळीने एकेका कप्प्यातलं पाणी ओढून पाहिलं, आणि मला विचारलं,

“भाऊ, यात पानी कोनतं टाकता?”

मी अभिमानाने सांगितलं, जारचं. साधं नळाचं नाही. माझं बालपण दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात गेलं. तिथे विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून वीस लिटरचा जार ही आमच्याकडे शुद्धतेची हद्द. पाहुण्याला जारचं, देवाला जारचं. वर्षभर मी दर पंधरवड्याला त्याच भक्तीने बॅटरीतही जारचं ओतत होतो.

“मानसाले चालते, बॅटरीले नाही चालत,” वासुदेवभाऊ म्हणाले. “जारच्या पान्यातबी क्षार राह्यतेच. इकडचे सारेच हे करतात. पैसे देऊन आनलेलं पानी खराब कसं राहीन, असं वाटते.”

सुनंदा माझ्याकडे पाहून म्हणाली, “देवाले काही झालं नाही, हे नशीब.”

मग निवड. तुम्हीही अशी गाडी करत असाल तर हे लक्षात ठेवा. पाणी टाकायची उंच बॅटरी सगळ्यांत स्वस्त, पण जड, आणि लिहिलेल्या क्षमतेच्या निम्मीच वापरायची; रोज तळ गाठला की लवकर मरते. सीलबंद बॅटरीत पाणी टाकायला नको, बाकी दुखणं तेच. लिथियमची हलकी, जवळजवळ पूर्ण वापरता येते. किंमत दुपटीहून जास्त, आणि चालत्या इंजिनावर भरायला वेगळा चार्जर लागतो. मी इंटरनेटवर वाचून लिथियम घ्यायचं ठरवूनच गेलो होतो.

वासुदेवभाऊंनी ती द्यायला नकार दिला.

त्यांनी मला समोरच्या सीटमागे, बॅटरीच्या पेटीवर हात ठेवायला लावला. इंजिन त्या सीटखालीच आहे. चटका बसला. “हे माघ महिन्यातलं. वैशाखात इथं काय होईन? गरम झाली का लिथियम सोताहून बंद पडते. मंग मलेच शिव्या देसान.” जागा बदलायची असेल तरच बॅटरी देईन, म्हणाले. मागच्या दाराशी, खाली जाळी ठेवून.

तिथे माझी पुस्तकांची पेटी होती. ती जाणार हे सुनंदाने माझ्याआधी ठरवलं.

तिचा खरा प्रश्न वेगळा होता. गाडी एका जागी उभी राहिली, तर फ्रीज किती तास चालेल? वासुदेवभाऊंनी आकडा दिला नाही. नवी लिथियम बॅटरी जोडली, फ्रीज लावला, ती लवकर उतरावी म्हणून हेडलाइटचा बल्बही जोडला आणि आम्हाला दोन तास बसवून ठेवलं. हा त्यांचा नेम आहे म्हणे. रुग्णवाहिकेलाही असंच बसवतात, गिऱ्हाईक कितीही घाई करो. बॅटरीच्या मीटरवर किती टक्के आहेत, किती उतरले, हे दर अर्ध्या तासाला सुनंदाकडून वहीत लिहून घेतलं. शेवटी वही तिच्यापुढे केली. “आता बल्बाचं वजा करा अन् तुमीच सांगा.”

तिने हिशेब मांडला. “या थंडीत दीड दिवस. उन्हाळ्यात एक.”

“बरोबर. कंपनीच्या कागदापेक्षा हे खरं.”

बॅटरी, चार्जर आणि जागा बदलणं मिळून पस्तीस हजारांच्या आसपास गेले. जुनी बॅटरी त्यांनी मोडीत घेतली. संध्याकाळी वहिनींनी इन्सुलिन खाली आणून दिलं. सुनंदाने ते आधी थर्मासकडे नेलं, थांबली, आणि गाडीच्या फ्रीजमध्ये ठेवलं.

घरी आल्यावर घरच्या विजेवर बॅटरी पूर्ण भरली. मग गाडी दारात उभी केली आणि तीस तास तिला हात लावला नाही. आज सकाळी मीटरवर अठरा टक्के उरले होते, म्हणजे वहीतला दीड दिवस बरोबर निघाला. मी मात्र जारकडे पूर्वीच्या श्रद्धेने पाहत नाही.

वासुदेवभाऊंच्या मते खरी परीक्षा मे महिन्यात, अकोल्याच्या उन्हात. त्याआधी शनिवारी आम्ही चिखलदऱ्याला निघतोय, दोघं. थर्मास सोबत असेलच. बर्फ मात्र या वेळी अर्धाच भरायचा, असं सुनंदाने सांगितलं आहे.