साळवे सरांचा जून

समस्त तालुक्याला गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, जास्त शिकलं की पगार वाढतो ही निव्वळ अफवा आहे. निदान बेलापूरपुरती. पुरावा म्हणून साळवे सर आणि मी असे दोन इसम हजर आहोत.

सर एमएस्सी, वर सेट पास. मी बारावी. ते आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत. शिकवतील तेवढ्या तासांचे पैसे, सुट्टीत काही नाही. मी तिथला कायम कारकून. त्यांचं बिल मीच करायचो. माझ्या पगारापुढे ते इतकं किरकोळ दिसे की सर खुशीत म्हणत, "तुम्ही फार शिकला नाहीत, हे बरं केलंत."

वर्गात त्यांचा लाडका सिद्धांत वेगळाच होता. "पदवी म्हणजे कांदा. बेलापुरात एक भाव, नगरला दुसरा, पुण्यात तिसरा. कांदा शहाणा, टेम्पोत बसून भाव असेल तिकडं जातो. तुम्हीही बसा."

पोरं बसली. सर राहिले. पुण्याच्या एका कॉलेजानं त्यांना बोलावलं होतं, पण संस्थेच्या अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवला, "सर, जूनमध्ये तुमची कायम ऑर्डर." कुठल्या वर्षीचा जून, ते विचारायचं राहून गेलं. दर मे महिन्यात सर नवा सदरा शिवायला टाकत. "ऑर्डर घेताना माणूस बरा दिसला पाहिजे."

यंदा जागा खरंच निघाली. कॉलेजच्या वर्धापनदिनाला नाव जाहीर होणार होतं. सर नव्या सदऱ्यात पहिल्या रांगेत, शेजारी वहिनी.

"कायम जागेसाठी आपण थेट पुण्याहून माणूस आणलाय," अध्यक्ष म्हणाले. माणूस उठला. बेलापूरचाच, सरांचाच विद्यार्थी, आईवडिलांसाठी गावी परतलेला. पदवी तीच. "पुण्यात एवढा पगार घेत होता, म्हणजे तेवढी योग्यता असणारच," अध्यक्षांनी खुलासा केला.

सगळ्यांच्या आधी सरांनीच टाळ्या वाजवल्या.

आमच्याकडे माणसाला काही द्यायचं नसलं की त्याचा सत्कार करतात. सरांना मंचावर बोलावलं, भर उकाड्यात शाल पांघरली, हातात नारळ दिला. "साळवे सरांची तासिका तत्त्वावरची सेवा आपल्याला अशीच लाभत राहो," अध्यक्ष म्हणाले. सर फोटोसाठी हसले.

तेवढ्यात वहिनी जागेवरूनच बोलून गेल्या, भाजीवाल्याशी बोलावं तशा, "शाल ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच, साहेब. ह्यांची वर्षं तेवढी माघारी द्या."