कोपरापर्यंत हात जाईल अशी माती

इथं कतारला, दोह्यात, बायका मला विचारतात, "इथं तुला हिरवळीची आठवण येत नाही का गं?" अगं बाई, हिरवळीचं काय घेऊन बसलात! हिरवळ इथेही आहे की, रस्त्याच्या मधोमध, पाइपातून पाणी पाजलेली. मला आठवण येते ती मातीची. आणि तीसुद्धा सरसकट कुठल्याही मातीची नाही. जे लोक सगळ्याच मातीला नुसतं माती म्हणून मोकळे होतात, त्यांचा मला लहानपणापासून राग येतो.

आमचं रान साताऱ्याच्या पूर्वेला, एका टेकाडाच्या उतारावर आहे. वर नुसता माळ. टिकाव मारला तर ठिणगी उडेल असला. मधलं रान बेताचं, हातभर खणलं की पिवळा मुरूम लागतो. आणि अगदी पायथ्याला, ओढ्याच्या अलीकडे, खालची पट्टी. माळावर जे काही मऊ आणि बारीक होतं, ते पाण्याबरोबर वाहत येऊन पिढ्यान्‌पिढ्या तिथं बसलंय. रंगाने काळी, पण हाताला चिकटून बसणारी काळी नव्हे, पोयट्याची. मुठीत दाबली तर लाडू वळतो, आणि अंगठ्याने जरा दाबलं की लगेच त्याचा भुगा होतो. विहिरीला जागा बघायची म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदा तिथं खणून घेतलं होतं. मी काठावर बसून बघत होते. माणूस छातीपर्यंत आत गेला तरी मातीचा रंग बदलेना. त्याच्याही खाली कुठे चुनखडीचे खडे लागले, तेव्हा आबा म्हणाले, "झालं, हिचा तळ आला."

अवगुणही होते तिचे, नाही असं नाही. वरच्या रानात पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी औत चालेल असा वाफसा येई. खालच्या पट्टीत आठवडाभर पाऊल ठेवायची सोय नाही. जास्त पाऊस झाला की तूर पिवळी पडे. घाई करून ओल्यात औत घातलं की अशी ढेकळं निघत की वर्षभर फोडत बसा. माझ्या चुलत्याने एकदा ती घाई केली होती, तर आबा त्याच्याशी अख्खा हंगाम धड बोलले नाहीत. पण एकदा ओल धरली की ती माती आईसारखी धरून ठेवायची. दिवाळीनंतर आभाळातून थेंब पडला नाही तरी शाळूची ज्वारी नुसत्या खालच्या ओलीवर डोक्याइतकी उंच होई.

आणि त्या पट्टीत माझा भाऊ आहे. माझ्या आधीचा. दात येण्याआधीच गेला. आमच्यात एवढ्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत, माती देतात. ती माती खोल लागते, मऊ लागते, कोल्ह्या-कुत्र्यांना उकरता येणार नाही अशी लागते. माळावर कुणी लेकरू पुरत नाही. आमच्या भावकीतली सगळी लहानगी खालच्या पट्टीतच आहेत, वर दगड नाही की खूण नाही. आई तिथं खुरपायला बसली की कोपरापर्यंत हात मातीत घालून बघायची आणि म्हणायची, "बघ, कशी गादीसारखी आहे." लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायचं, चांगल्या जागी आहे आपला भाऊ.

नवरा मात्र मला बरडावरचा मिळाला. त्याच्या गावाला काळ्या मातीचं ढेकूळ दाखवायलाही सापडायचं नाही. बघायला आले तेव्हा आबा हसत म्हणाले होते, "पोरगा सोन्यासारखा आहे, जमीन तेवढी मुरमाड!" लग्नानंतर मीही त्याला पुष्कळ चिडवलं. सुट्टीत माहेरी गेलो की त्याला खालच्या पट्टीत उभं करून शिकवायचे: हा पोयटा, ही पाणी न मुरणारी चोपण, वाफसा आला का ते असं टाचेने बघायचं. तो गरीब बिचारा सगळं ऐकून घ्यायचा. तो इथं टेक्निशियन. पहाटे कंपनीची बस त्याला उत्तरेला, अल खोरच्याही पुढे घेऊन जाते. आमचं बिऱ्हाड मदिनत खलीफात, एका व्हिलाच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत. पुढच्या भागात रत्नागिरीची एक मुसलमान जोडी राहते. त्यातल्या बाईला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणते. माझ्यापेक्षा वीस-एक वर्षांनी मोठी, जीभ तिखट आणि हात मऊ.

गेल्या उन्हाळ्यात मला मुलगी झाली. दिवस भरले नव्हते. ऑपरेशन करून काढली. एक रात्र जगली. तिचं तोंड मी काचेआडून बघितलं, हाताला लागली ती नंतर, कापडात गुंडाळलेली. याहून जास्त मला लिहवत नाही.

आधी तिला गावी न्यायचं ठरलं. नवऱ्याने आबांना तसा फोनही केला. पण माझा रक्तस्राव थांबेना, बाटल्यांवर बाटल्या रक्त चढत होतं, आणि डॉक्टर त्याला म्हणाले, आज यांना सोडून जाऊ नका. त्याने एका बाजूला बायको धरली आणि दुसऱ्या बाजूला लेक. जी जगेल तिच्याजवळ थांबला. लेकीला इथेच माती द्यायचं ठरलं. मी ग्लानीत होते, पण तेवढं मात्र त्याला बजावलं. म्हटलं, "अहो, माती बघून द्या. वरवर खणून उरकू नका. खोल बघा."

संध्याकाळी तो परत आला. खालाचे मियाँ बरोबर गेले होते, ते दाराशीच थांबले. मी विचारलं, "माती कशी आहे?"

"काळी आहे," तो म्हणाला.

"काळी? इथं?"

"हो गं. खोलगट जागा आहे, पावसाचा गाळ साचून झालेली. पोयट्याची."

"दगड?"

"एक नाही."

"हात घालून बघितला?"

"कोपरापर्यंत गेला. आत ओल होती."

जमीन विकत घ्यायला निघाल्यासारखी मी त्याला विचारत राहिले आणि तो एकेक उत्तर देत गेला. मग मला झोप लागली.

घरी आल्यावर दूध यायला लागलं. प्यायला कुणी नाही आणि छाती दगडासारखी. खालाने जुनी ओढणी फाडून घट्ट बांधली आणि मला रडू दिलं. "रड गो, रड, मी हाय ना हय," एवढंच म्हणत बसायची. दिवसभर मी पलंगावर पडून ती माती डोळ्यांपुढे आणायचे. काळी, भुसभुशीत, आत ओल. म्हणायचे, चला, जागा तरी चांगली मिळाली पोरीला. आबांनाही मी तेच सांगितलं होतं. ते दर फोनला विचारायचे, "खोल हाय ना?" मी म्हणायचे, "आहे." "मग झालं," ते म्हणायचे. त्या मातीवर मी ते महिने काढले, खोटं कशाला सांगू.

थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. खाला आणि मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. तिने मियाँची काळी पॅन्ट झटकली आणि सहज बोलून गेली, "त्या दिवशी ही प्यान्ट अशी पांढरीफटक करून आणलान गो. तीनदा धुतली, तरी चुना जाय ना."

"कुठल्या दिवशी?"

तिचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं की आपण काय बोललो.

"खाला, कुठल्या दिवशी?"

"तुझ्या पोरीला नेलानी त्या दिवशी," ती हळूच म्हणाली. "मशीनीन फोडलेला खडक हुता, म्हणं. जाऊ दे गो. आता काय त्याचा."

काळ्या मातीने पॅन्ट पांढरी होत नाही. हे समजायला कुणी शिकवावं लागत नाही. माझ्या हातातला ओला टॉवेल खाली पडला. मी जिना उतरून घरात गेले आणि नवरा ड्युटीवरून येईपर्यंत भिंतीला टेकून बसून राहिले. तो आला, बूट काढायला वाकला, आणि मी म्हटलं, "उद्या शुक्रवार. मला तिच्याकडे न्या."

"अगं, बायका नाहीत जात..."

"मला न्या म्हटलं ना. खलास."

सकाळी गेलो. शहर मागे पडलं, गोदामं मागे पडली. तारेचं कुंपण, एक फाटक, आणि आत सगळं पांढरं. खडी, भुगा, फोडलेल्या दगडांचे तुकडे. एका बाजूला लहान लहान उंचवट्यांची रांग, प्रत्येकावर नंबराची पाटी. तो एकापाशी जाऊन उभा राहिला. मी खाली बसले, बांगड्या मागे सारल्या आणि हात घातला. बोटांची पेरंसुद्धा आत गेली नाहीत.

मग मात्र माझा तोल गेला. "काळी आहे म्हणालात! पोयट्याची म्हणालात! माझेच शब्द, मीच शिकवलेले, आणि माझ्याच तोंडावर फेकलेत? अहो, आमच्या माळावर मेलेलं कुत्रं पुरत नाहीत, आणि तुम्ही माझी पोर..." फाटकावरचा माणूस लांबून बघत होता. बघू दे.

तो ऐकून घेत उभा राहिला. मग म्हणाला, "तुझ्या अंगात दुसऱ्याचं रक्त चढत होतं. तेव्हा काय सांगू तुला? खडकात ठेवून आलो म्हणून?"

मी बोटांना लागलेला पांढरा भुगा झटकला.

"एक गोणी माती आणली होती," तो म्हणाला. "बसच्या वाटेवर लागते ती, अल खोरच्या अलीकडे. बोरीची झाडं आहेत बघ, पाऊस पडला की पाणी साचतं, अशी खोलगट जागा. रौदा म्हणतात इथले लोक. मियाँना गाडी काढायला लावली आणि आधी तिकडे गेलो. तेवढीच मिळाली. तिच्या खाली घातली आणि थोडी वरून."

"काळी होती?"

"नाही. तांबूस होती. पण मऊ होती गं. हातांनी चाळून घेतली मी. खडा राहू दिला नाही."

"किती जाडी झाली?"

"टीचभर."

बरडावरचा माणूस, उन्हाळ्याच्या त्या भट्टीत, मेलेली लेक गाडीत आणि हा उकिडवा बसून माती चाळतोय. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. तो गेल्यावर खाली जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. राग होता तोवर धरायला काहीतरी होतं.

आबांनाही मीच खोटं सांगितलं होतं, नकळत का होईना. तिथे बसल्याबसल्या फोन लावला. म्हटलं, "आबा, इथली माती खोल नाही. दगड आहे. ह्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं."

मग ते म्हणाले, "मला वाटलंच व्हतं, पोरी. वाळूच्या मुलखात कुठनं आलीया काळी."

"मग विचारत का होतात दर वेळी?"

"तू हाय म्हणायचीस, ते ऐकाया बरं वाटायचं."

आणि मग त्यांनी ते सांगितलं. जावयाचा पहिला फोन आला, बाळाला घेऊन येतो म्हणून, तेव्हा त्यांनी कुणाला न विचारता खोरं-टिकाव उचललं आणि खालच्या पट्टीत गेले. गडी लावला नाही. एकट्याने खणलं. छातीपर्यंत. एवढ्याशा जिवाला एवढं खोल कशाला, असं आई काठावरून म्हणत होती, तरी थांबले नाहीत. संध्याकाळी दुसरा फोन आला की बाळ येत नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. रात झाली व्हती. सकाळी लोटली माती माघारी."

"रिकामाच बुजवलात?"

"रिकामाच."

ते खोकले. मला वाटलं संपलं, पण ते बोलतच होते, दुसऱ्या कुणाला सांगितल्यासारखं. "औंदा शाळू बाकी रानात छातीला व्हता. तेवढ्या जागंत मातुर पुरुषाच्या वर गेला. माती मोकळी झाली ना, ओल लई धरली तिनं. काढणी समदी उरकली. तेवढाच उभा हाय. गडी विचारत्यात, आबा, ह्यो का ठिवला? म्या म्हंतो, पाखरांला. माझा विळाच चालंना गं तिथं."

नवरा माझ्याजवळ येऊन उभा राहिला होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. मी त्या नंबराच्या पाटीकडे बघितलं, आणि जे बोलले ते मी ठरवून बोलले नाही.

"आबा," मी म्हटलं, "कापून घ्या तो शाळू. तेवढ्या जागेत माझं कुणी नाही. माझी पोर इथं आहे."

"बरं," आबा म्हणाले. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना रडताना ऐकलं.