वरच्या घरातली सही

ह्यांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली, आणि आम्ही तिथल्या बेहाला नावाच्या वस्तीत बिऱ्हाड केलं. माझं शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि शाळेत दिलेल्या चित्रकलेच्या दोन परीक्षा, एलिमेंटरी नि इंटरमिजिएट. तेवढ्यावर एस्प्लनेडजवळच्या एका इंजिनिअरिंग कचेरीत मला ट्रेसरची नोकरी लागली.

तिथे कामाची वाटणीच होती बघा. पुरुष ते ड्राफ्ट्समन. उंच स्टुलांवर बसून कलत्या बोर्डावर पेन्सिलीनं नकाशे काढायचे. आम्ही दोघी बायका खाली, खिडकीपाशी, सपाट टेबलांवर. त्यांच्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड पसरायचं आणि शाईनं रेघ न् रेघ गिरवायची. चूक दिसली तरी तशीच गिरवायची, सुधारायची नाही. बायकांचा हात हलका, असं कौतुकानं म्हणायचे. हात हलका खरा, पण डोकंही होतंच की.

काही वर्षांनी एक ड्राफ्ट्समन निवृत्त झाले आणि त्यांच्या रिकाम्या बोर्डात माझा जीव अडकला. शेजारच्या टेबलावरची दीदी माझ्याहून मोठी, बंगाली, अविवाहित. विचारून तर बघ, म्हणून तिनंच मला पुढे ढकललं. मी विचारलं, तर आमचे साहेब, म्हणजे बडोबाबू, नुसता चष्मा पुसत राहिले. तेवढ्यात एका धोतरवाल्या ड्राफ्ट्समननं टोमणा मारला, "बउदी, साडी नेसून त्या स्टुलावर चढणार कशा?" बउदी म्हणजे वहिनी, तिथे सगळे मला तेच म्हणत.

मी म्हटलं, "तुम्ही धोतर नेसून चढता, तशीच."

बडोबाबूंना हसू आलं. म्हणाले, एक नकाशा काढून दाखवा, मग बघू.

पाण्याच्या टाकीचा लोखंडी जिना काढायचा होता. मी त्यात इतकी बुडाले की घरी पोळ्या ह्यांनी लाटल्या. आकाराबद्दल कुणी बोलायचं नाही, एवढीच अट.

नकाशा पुढे ठेवला. बडोबाबूंनी पट्टी लावून एकेक माप तपासलं. मग त्यांचं बोट खालच्या कोपऱ्यात थांबलं. तिथे एकाखाली एक दोन घरं असत, कोणी काढला आणि कोणी गिरवला. हाताच्या सवयीनं मी सही केली होती गिरवणाऱ्याच्या घरात. वरचं कोरं.

संपलं, असं वाटलं मला. पण त्यांनी खोडरबरानं सही पुसली, कागदावर फुंकर घातली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"वरच्या घरात, बउदी."

बोर्ड मिळाला. पाय मात्र खाली पोचेनात. दीदीनं आपल्या पायाखालचं लाकडी खोकं आणून स्टुलाशी सरकवलं. तो जिना गिरवायला तिच्याकडेच गेला. माझ्या सहीपाशी येऊन ती थांबली आणि मान वर करून म्हणाली, "फार वाकडी आहे गं. पण आपण काय, चूक दिसली तरी गिरवायची."

आणि तिनं ती किती सावकाश गिरवली म्हणून सांगू.