वीस मीटर जादा

रघू गेल्याचा फोन आला तेव्हा मी विहिरीवर मोटारीची पेटी उघडून बसलो होतो. मंचरला हायवेवर कांद्याचा ट्रक आडवा आला आणि रघूची मोटारसायकल थेट त्याच्याखाली गेली. तोंडावरून ओळख पटावी असं काही उरलंच नव्हतं... मी त्याला उजव्या हाताच्या वाकड्या मनगटावरून ओळखलं. जमलेले म्हणत होते, ब्रेक लागला नाही. आठवड्यानं मी त्या चेमटलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक स्वतः दाबून पाहिला. ठणठणीत होता. रघूची मूठच पुरती वळत नव्हती. ती कुणी मोडली हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणामुळं मोडली, ते आज पेपरच्या पुरवणीसाठी लिहितोय.

रघू माझा मेव्हणा, माझ्या बायकोचा, शालनचा धाकटा भाऊ. मंचरला त्याचं टीव्ही-व्हिडिओ दुरुस्तीचं दुकान. मी पिंपरी पेंढारचा, शेती सांभाळून त्याच्याबरोबर शूटिंगला जायचो. मोबाईल नुकते हाताहातांत आले होते, त्या दिवसांत पुण्याच्या एका स्टुडिओनं मोडीत काढलेला डिजिटल कॅमेरा त्यानं आणला, आणि बैलगाडा शर्यतीत घाटाच्या तळाचं चित्र लांबलचक तारेवरून वरच्या स्टेजवर टीव्हीत दिसायला लागलं. गाडा एकेकटाच पळतो, घाट किती सेकंदांत चढला त्यावर नंबर. बैलांनी खालची रेघ कधी ओलांडली, हे घड्याळवाला त्या चित्रावरून धरायचा.

रघू भयंकर तापट. तारेवर कुणाचा पाय पडला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. जुन्या लाइनीत चित्राला आधी मुंग्या यायच्या, माणूस सावध व्हायचा. "ह्या डिजिटलचं तसं नाय, दाजी," तो मला बजावायचा, "मरायच्या घडीपतोर चित्र काचंवाणी लख्ख, आन मग एकदम काळं. नुसत्या चित्रावर इश्वास ठिवायचा नाय." म्हणून त्याची रीत ठरलेली. लाइन टाकली की मुद्दाम वीस मीटर जादा तार जोडायची. तेवढं ओझं घेऊनही चित्र टिकलं तर लाइन पास. नाहीतर सगळी तार हातानं चाचपत कुठं दबली ते शोधायचं. त्या वीस मीटरचं भेंडोळं तो पिवळ्या सुतळीनं बांधायचा, आणि त्याच्यासारखी गाठ दुसऱ्या कुणाला जमायची नाही.

जुन्नर तालुक्यातल्या एका जत्रेत सकाळीच आमच्या तारेवरून जीप गेली. मी ती जाताना पाहिली. पण ऊन तापलेलं, गाडे जुंपलेले, कमिटीवाले शिव्या घालत होते, आणि चित्र तर काय विचारता राव, बैलाच्या शिंगावरचा गुलालसुद्धा दिसत होता! रघूनं स्टेजवरून ओरडून विचारलं, "दाजी, वीस मीटर लावून बघितलं का?"

"बघितलं. झकास हाय," मी म्हणालो.

शेवटच्या बारीला, म्हणजे शेवटचा गाडा सुटायच्या वेळी, दोन गावांची ईर्षा लागलेली. बैल सुटले आणि त्याच क्षणी टीव्ही काळा. चित्र परत आलं तोवर गाडा निम्म्या घाटात होता. घड्याळवाल्यानं अंदाजानं बटण दाबलेलं. एका गावानं भंडारा उधळला, दुसऱ्यानं दगड उचलले. रघूनं माझ्या पिशवीतल्या भेंडोळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं... आणि माइक हिसकावून घेतला. "चित्र गेलं व्हतं! ह्यो सेकंद धरू नका! लाइन माझी, चूक माझी!"

दोन्ही गावं त्याच्यावर तुटून पडली. जुवातल्या लाकडी शिवळा उपसून त्याला हाणलं, डोकं फोडलं, पडल्यावर बरगड्यांत लाथा घातल्या. एकानं त्याचं मनगट खांबाला दाबून धरलं आणि दुसऱ्यानं वरून शिवळ घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी कुठं होतो? स्टेजच्या खाली, तारांच्या ढिगात, पोट जमिनीला लावून. फळ्यांच्या फटीतून त्याचं रक्त माझ्या पाठीवर ठिबकत होतं आणि मी भेकड तसाच पडून राहिलो.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो एवढंच बोलला, "गाठ मी बांधलेली तशीच व्हती, दाजी." मी मान खाली घातली. "आक्काला सांगू नका. जल्मात तोंड बघायची नाय तुमचं." घरी येऊन मी तीच लाइन अंगणात पसरली, वीस मीटर जोडले. टीव्ही फटकन काळा. पाच मिनिटांचं काम होतं हो, पाच मिनिटांचं!

पुढं प्रत्येक कामाला तो डाव्या हातानं आणि दातांनी ती गाठ मारायचा, आणि सोडायला भेंडोळं माझ्यापुढं धरायचा. मी सोडायचो.

त्यानं बांधलेलं शेवटचं भेंडोळं शालननं भावाच्या फोटोखाली खिळ्याला अडकवलंय. गाठ तशीच आहे. तिला कुणी हात लावलेला शालनला चालत नाही. रविवारी पेपर आला की ती आधी पुरवणी घेते आणि तिथंच, त्या भेंडोळ्याखाली, भिंतीला टेकून वाचत बसते. या रविवारी मी शेतावर जाणार नाही. तिच्यासमोर बसणार आहे.